फुलंब्रीचे नाना आणि १२ नोव्हेंबरचं आवाजी मतदान

नमस्कार मंडळी. विधानसभेत अध्यक्ष ठराव मताला टाकतात तेव्हा काय म्हणतात, नीट ऐकलंय का कधी? "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." बाकांवरून एकदम "होय" येतं. "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे." मग "नाही" येतं. आणि अध्यक्ष लगेच, "होयचे बहुमत, होयचे बहुमत, ठराव संमत." झालं. डोकी मोजली नाहीत, अध्यक्षांच्या कानाला जे मोठं वाटलं ते खरं. आपल्या ग्रामसभेत "मंजूर का?" विचारलं की मागून "मंजूर, मंजूर" असा गलका होतो ना, तसंच.

१२ नोव्हेंबर २०१४ ला महाराष्ट्राचं अख्खं सरकार या आवाजावर ठरलं. आणि खुर्चीत होते आपल्या मराठवाड्यातले, फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे, म्हणजे सगळ्यांचे नाना.

आता हे नाना कोण, तर १९४५ सालचा जन्म, शेतकऱ्याचं घर, शिक्षण दहावीपर्यंत, पोरवयात पेपर विकले असं गावाकडचे लोक आजही सांगतात, आणि लहानपणापासून संघाच्या शाखेत. १९८५ ला औरंगाबाद पूर्वमधून भाजपचे पहिल्यांदा आमदार, मग ९०, ९५, ९९, सलग चार टर्म. १९९५ ला शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं तेव्हा मंत्री, आणि रोजगार हमीचं खातं त्यांच्याकडे होतं. दुष्काळात हमीच्या कामावर खडी फोडलेली माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतील, त्यामुळे ते खातं मराठवाड्याच्या माणसाकडे असणं ही साधी गोष्ट नव्हती. जिल्हा दूध संघही बरीच वर्षं त्यांनी सांभाळला.

पण मला नानांच्या आयुष्यातला खरा भाग वाटतो तो त्यानंतरचा. २००४ ला हरले, २००९ ला पुन्हा हरले, दोन्ही वेळा समोर काँग्रेसचे कल्याण काळे, आणि दुसऱ्यांदा तर थोडक्यात. दहा वर्षं आमदारकी नाही, वय साठीच्या पुढं, एवढ्यात भलेभले घरी बसतात हो. नाना बसले नाहीत. २०१४ ला त्याच काळेंना हरवून आले, आणि तेही फार मोठ्या फरकानं नाही. एकेका गावची, एकेका बूथची मतं मोजत आलेला माणूस आहे हा.

आणि म्हणूनच १२ नोव्हेंबर मनाला लागतो. २८८ चं सभागृह, भाजपचे निकालात १२२, बहुमताला १४५ लागतात. शिवसेना ६३ आमदार घेऊन विरोधात बसलेली, राष्ट्रवादीनं बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला. सकाळी काँग्रेसच्या वर्षा गायकवाड आणि सेनेचे विजय औटी यांनी अर्ज मागे घेतले म्हणून नाना बिनविरोध अध्यक्ष झाले, भाजपचे राज्यातले पहिले विधानसभा अध्यक्ष. त्याच दिवशी आशिष शेलारांनी विश्वासदर्शक ठराव मांडला, आवाजी मतदान झालं, ठराव संमत. विरोधक ओरडत राहिले, पोल द्या, म्हणजे मतं मोजा. सत्ताधारी म्हणाले, मागणी उशिरा आली, कामकाज पुढं गेलं होतं. पुढच्या महिन्यात सेनाच सरकारात आली आणि वाद थंडावला.

माझं मत सांगतो. अध्यक्षांना एरवी मत नसतं, समसमान झाली तरच ते निर्णायक मत देतात. पण पोल मान्य करायचा की नाही हे त्यांच्या हातात, आणि त्या एका मिनिटात ते २८८ जणांपेक्षा मोठे असतात. नानांनी त्या दिवशी पोल द्यायला हवा होता. सरकार कदाचित तरीही टिकलं असतं, पण कुणाचं मत कुठं पडलं हे रेकॉर्डवर आलं असतं, लोकांना कळलं असतं.

२०१७ च्या मार्चमध्ये, नाना अध्यक्ष असतानाच, परत वाद झाला. कर्जमाफीसाठी गोंधळ घातला म्हणून विरोधी पक्षांचे १९ आमदार निलंबित. बजेटच्या दिवशी दंगा केला हे खरं, पण मुद्दा शेतकऱ्याच्या कर्जाचा होता आणि खुर्चीत शेतकऱ्याचाच पोरगा होता, हे विसरता येत नाही.

२०१९ ला नाना पुन्हा फुलंब्रीतून निवडून आले, पुन्हा काळेंनाच हरवून. ३१ जुलै २०२४ ला जयपूरला राजस्थानचे राज्यपाल म्हणून शपथ घेतली. त्याच्या थोडं आधी कल्याण काळे जालन्यातून रावसाहेब दानवेंना हरवून लोकसभेत गेले होते. वीस वर्षं एकमेकांची मतं मोजणारे दोघं, एक जयपूरला, एक दिल्लीला, आणि २०२४ च्या विधानसभेला फुलंब्रीच्या मशीनवर दोघांपैकी एकाचंही नाव नव्हतं.