मेलवर भरवसा नको, तारीखही नको

(सोलापुरात यंत्रमाग कारखानदार आणि त्यांच्या ऑफिसातल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. मगाशी चपला काढता काढताच एका मालकांनी मला गाठलं. म्हणाले, "अक्का, मेलचं तेवढं नीट सांगा. बाकी पासवर्ड-बिसवर्ड सगळं आमच्या मुलाकडं असतंय." मुलगा कुठं असतो? पुण्यात, नोकरीला. कारखान्याच्या मेलला फोन नंबर कुणाचा लावलाय? मुलाचाच, तोही कॉलेजात असतानाचा. तो नंबर अजून चालू आहे का? मालक गप्प. त्यांच्याकडं मी परत येते, कारण या हॉलमधल्या निम्म्या लोकांचं असंच असणार.

मी बावीस वर्षं टेरी टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचे कागद केले. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण माझं नाही. जे सांगणार आहे ते त्या टेबलावर बसून शिकले, आणि त्यातलं काही फार महाग पडलं.

त्यातलंच एक आधी सांगते. माल गेला, कंटेनर पोचला, पैसे काही येईनात. आम्ही मेल केला, उत्तर नाही. दुसरा केला, तरी नाही. जुना, चांगला ग्राहक, म्हणून मालकांनी आठ दिवस दम धरला. शेवटी फोन लावला तर तो म्हणतो, "पैसे कधीच भरलेत, तुमच्या नव्या खात्यात." नवं खातं कसलं? त्यानं आम्हाला आमचाच मेल दाखवला. पत्ता आमचा, लेटरहेड आमचं, इन्व्हॉइस नंबर बरोबर, खाली सही माझ्या नावाची. फक्त बँक वेगळी. वर त्या भल्या माणसानं मेलवर विचारलंही होतं, "खातं खरंच बदललं का?" आणि आमच्याच मेलवरून त्याला उत्तर गेलं होतं, "हो, बदललं."

झालं होतं ते असं. कुणीतरी आमचा पासवर्ड मिळवला होता आणि आत येऊन शांतपणे बसला होता. लगेच काही केलं नाही त्यानं. कुठला ग्राहक, किती रक्कम, कधी येणार, सगळं वाचलं. मग एक फिल्टर लावला: या ग्राहकाचा मेल आला की इनबॉक्समध्ये दिसू द्यायचा नाही, थेट कचऱ्यात टाकायचा, आणि एक प्रत बाहेरच्या पत्त्यावर पाठवायची. म्हणून आम्हाला वाटलं ग्राहक उत्तर देत नाही, आणि ग्राहकाला वाटलं सगळं रीतसर चाललंय. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा मेलमध्ये फिल्टरचं असं पान असतं हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. नंतर आम्ही पासवर्ड बदलला आणि निवांत झालो. पण पासवर्ड बदलला म्हणून लावलेला फिल्टर जात नाही. तो आठवडाभर तसाच होता.

आता कुणी म्हणेल, आमचा पासवर्ड कुणाला मिळत नाही. नसेल मिळत. पण त्याच्याशिवायही खोटा मेल पाठवता येतो. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मेल पोचवण्याची रीत लिहून ठेवली, तिला एसएमटीपी म्हणतात, आणि तिच्यावरच आजही जगाचे मेल चालतात. त्या वेळी जाळ्यावर एकमेकांना ओळखणारी थोडी मंडळी होती, म्हणून पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं धरायचं असं ठरलं. पोस्टाच्या पाकिटावर 'प्रेषक' म्हणून काहीही लिहा, पोस्टमन ओळखपत्र मागत नाही. तसंच. पुढं त्याला कुलपं बसवली गेली, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क नावाची. हे पत्र खरंच त्या घरातून निघालं का, ते ती तपासतात. जे जीमेलवर रोज पाच हजारांच्या वर मेल पाठवतात त्यांना २०२४ च्या फेब्रुवारीपासून ही तिन्ही कुलपं सक्तीची आहेत. तुमच्या कारखान्याच्या नावाचा मेल असेल, तर ज्यानं तो लावून दिला त्याला विचारा, तिन्ही बसवलीत का. तो "करतो बघू" म्हणाला तर बसवलेली नाहीत.

पण चोर घरातच शिरला असेल तर या कुलपांचा उपयोग नाही. पत्र खरोखर तुमच्याच घरातून निघतं. म्हणून माझा हट्ट एवढाच आहे की बँक खातं बदलल्याचा निर्णय मेलवर घ्यायचाच नाही. सूत व्यापाऱ्याचा मेल आला, "पुढचं पेमेंट या खात्यावर करा," तर फोन उचलायचा. मेलमध्ये दिलेला नंबर लावायचा नाही. तुमच्या जुन्या वहीतला, ज्यावर दिवाळीला शुभेच्छा देता, तो लावायचा आणि आवाज ओळखायचा. आणि उलट बाजूनं आपणही आपल्या इन्व्हॉइसवर कायमची एक ओळ छापून ठेवायची: आमच्या बँक खात्यातला बदल आम्ही मेलवर कळवत नाही. ओळ छापायला खर्च नाही.

पैसे गेलेच तर पहिला फोन बँकेला आणि दुसरा १९३० ला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर. बाहेरगावच्या लोकांना तो पाठ करावा लागतो, सोलापूरकरांना नाही. १९३० म्हणजे आपल्या मार्शल लॉचं साल. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यावरून रोज जाता ना? मग नंबर विसरणार नाही. मात्र त्याच दिवशी, शक्य असेल तर त्याच तासात. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवतात, आणि ती मधे कुठंतरी गोठवायची असते. "उद्या सीए साहेबांना विचारून करू" म्हटलं की हातात तक्रारीचा नंबर तेवढा उरतो.

पत्ता वाचायचा कसा, तेही सांगते. फोनवर फक्त नाव दिसतं. नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो. इंग्रजी आर आणि एन शेजारी शेजारी लिहिले की एम दिसतो, चष्मा लावूनसुद्धा. आणि ॲटच्या चिन्हापुढचा भाग शेवटाकडून वाचायचा. सरकारी पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'वर किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन'वर संपतो. त्यात गव्ह आणि इन दोन्ही आहेत पण शेवटी डॉट कॉम आहे, असा पत्ता सरकारचा नव्हे. जीएसटीची नोटीस आल्याचा मेल दिसला तर त्यातल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. ब्राउझरमध्ये आपल्या हातानं पोर्टल उघडायचं. नोटीस खरी असेल तर तिथं दिसतेच.

आता त्या मालकांच्या मुलाकडं येऊ. मेल कुणाच्या नंबरवर आहे ते आज रात्री बघा. नंबर बंद पडला, सिम कंपनीनं तो दुसऱ्या कुणाला दिला, की तुमच्या कारखान्याच्या मेलचा ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या खिशात वाजतो. नंबर मालकाचा लावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू करा. ते केलं की गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे, एक कोड एकदाच चालतो. त्यांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, कारण फोन हरवल्यावरच ते लागतात. कागदावर छापा आणि तिजोरीत लक्ष्मीपूजनाच्या वहीत ठेवा. वर्षातून एकदा तरी ती वही उघडली जातेच. आणि जुन्या फर्मच्या नावाचा एखादा मेल पडून असेल तर त्यात अधूनमधून जा. दोन वर्षं हात न लावलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसून टाकू शकतं, त्यातल्या जुन्या बिलांसकट.

रेट लिस्ट साठ व्यापाऱ्यांना पाठवायची तर पत्ते बीसीसीत टाका. सीसीत टाकलेत तर तुमची सगळी गिऱ्हाइकं तुम्हीच शेजाऱ्याला दिलीत. आणि सेटिंगमध्ये 'अनडू सेंड' असतं, ते पाच सेकंदांवरून तीस करा. चूक दिसते ती नेहमी सहाव्या सेकंदाला.

दुसरी गोष्ट तारखेची. आमच्या ऑफिसात पद्धत अशी होती की महत्त्वाचा मेल वाचून परत 'न वाचलेला' करून ठेवायचा. का, तर विसरायला नको म्हणून. असे चारशे मेल साठले. चारशेतला एक लेटर ऑफ क्रेडिटच्या, म्हणजे ग्राहकाच्या बँकेनं दिलेल्या पैशांच्या हमीच्या, मुदतीचा होता. तो दुसऱ्या पानावर सरकला आणि विसरला गेला. कागद उशिरा गेले की बँक त्यावर बोट ठेवते, मग ग्राहकापुढं हात जोडावे लागतात. तेव्हापासून मेलमध्ये तारीख दिसली की ती उचलून कॅलेंडरमध्ये टाकायची. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांवर 'क्रिएट इव्हेंट' दाबलं तर मेलचा मजकूर त्या नोंदीत आपोआप येतो, पुन्हा लिहावं लागत नाही.

दर महिन्याचं जे ठरलेलं आहे ते एकदाच घाला. सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर-१, पंधराला पीएफ आणि ईएसआय, वीसला जीएसटीआर-३बी. पण आठवण त्याच दिवशी लावून उपयोग नाही, त्या दिवशी पोर्टल रांगत असतं. चार दिवस आधीची लावा. वाटल्यास दोन लावा, एक दिवाणजीला, एक मालकाला.

परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्यांनी इथं कान द्या. जर्मनीतला ग्राहक म्हणाला, "दर सोमवारी सकाळी दहाला बोलू." हिवाळ्यात ते आपले दुपारचे अडीच. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास पुढं करतात, मग तेच दहा म्हणजे आपले दीड. आपण घड्याळाला हात लावत नाही, म्हणून आपण अडीचला फोन लावतो आणि तो तासभर वाट बघून उठून गेलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा उलटं. न्यूयॉर्कवाले तर मार्चच्या दुसऱ्याच रविवारी घड्याळ फिरवतात, म्हणजे मधले दोन-तीन आठवडे जर्मन आणि अमेरिकन गिऱ्हाइकाचा हिशेब एकमेकांशीही जुळत नाही. हे डोक्यात ठेवू नका. कॅलेंडरमध्ये मीटिंग लावताना टाइम झोन बर्लिनचा निवडा, म्हणजे आपल्याकडची वेळ ते स्वतःच सरकवतं.

कॅलेंडरमध्येही चोर येतात बरं का. न मागता एखादी नोंद दिसते: "तुमचं सबस्क्रिप्शन संपलं, या नंबरला फोन करा." मेलमध्ये आली असती तर शंका आली असती. कॅलेंडरमध्ये दिसलं की वाटतं आपणच टाकलं असेल. सेटिंगमध्ये जाऊन ओळखीच्या माणसाचंच निमंत्रण आपोआप लागेल असं करा. आणि असल्या नोंदीवर 'नो' दाबू नका, त्यानं पाठवणाऱ्याला कळतं की इथं माणूस जागा आहे. 'स्पॅम' म्हणून कळवा. तसंच, ऑफिसातल्या सगळ्यांना दिसणाऱ्या कॅलेंडरमध्ये "शनिवारी पगाराची रोकड आणायला बँकेत" असं लिहिणाऱ्या मालकांना मी ओळखते. ते आज इथं आलेत, नाव घेत नाही.

मागून कुणीतरी विचारतंय, आषाढीची सुट्टी एकदा टाकली की दरवर्षी येईल का? नाही येणार. हे कॅलेंडर इंग्रजी तारखेनं चालतं आणि एकादशी तिथीनं. 'दरवर्षी' लावलंत तर पुढच्या वर्षी कामगार पंढरपूरच्या वाटेवर आणि तुमच्या कॅलेंडरवर डिस्पॅच. भिंतीवरची दिनदर्शिका नवी आली की तिच्यातून बघून हातानं भरायचं, दहा मिनिटांचं काम आहे. संक्रांत त्या मानानं जाग्यावर राहते, १४ नाहीतर १५ जानेवारी, म्हणून गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे, दिवस मी आधीच अडवून ठेवते. त्याच सुमाराला फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं प्रदर्शन असतं. मालक तिकडं, कामगार नंदीध्वजाकडं, आणि ग्राहकाला त्याच आठवड्यात सॅम्पल हवं असतं. ते त्याला डिसेंबरातच कळवायचं.

आता फोन बाजूला ठेवा, कारण फिल्टर आणि फॉरवर्डिंगची (आलेला मेल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पाठवण्याची) पानं जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये दिसत नाहीत, कॉम्प्युटरवरच उघडावी लागतात. मी दोन लॅपटॉप आणलेत. एकेकानं या, आपला पासवर्ड आपणच टाका, मी तिकडं तोंड करून उभी राहते. फॉरवर्डिंगच्या पानावर अनोळखी पत्ता दिसला, किंवा फिल्टरमध्ये आपण न केलेली ओळ दिसली, तर लगेच पुसू नका. आधी मला हाक मारा, त्याचा फोटो काढून ठेवू, तक्रारीला लागतो. आणि काम झालं की 'साइन आउट' करूनच चहाकडं जा.