दुसऱ्या रांगेतून आलेले महापौर

मित्रहो, ज्या महानगरात एका पक्षाचे नोंदणीकृत मतदार दुसऱ्या पक्षाच्या कितीतरी पट आहेत, तिथे त्या दुसऱ्या पक्षाचा महापौर निवडून येऊ शकतो का, हा आजचा प्रश्न आहे. उदाहरण मी न्यूयॉर्कचे घेतले आहे, कारण तिथे महापौर थेट मतदार निवडतात. आपल्या महानगरपालिकांत ते काम नगरसेवक करतात, आणि म्हणून आपल्याकडे अल्पमतातला पक्ष महापौरपद जिंकतो तेव्हा मतदारांचे मत बदललेले असतेच असे नाही. जळगावात २०१८ साली ७५ पैकी ५७ जागा भाजपला आणि १५ शिवसेनेला मिळाल्या होत्या. मार्च २०२१ मध्ये भाजपचे नगरसेवक फुटले आणि ४५ विरुद्ध ३० मतांनी शिवसेनेचा महापौर झाला. हा निकाल सभागृहात लागला, मतदाराला कोणी विचारले नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

न्यूयॉर्क हे डेमोक्रॅटिक पक्षाचे शहर. तरीही १९३३ मध्ये ला गार्डिया, १९६५ मध्ये जॉन लिंडसे, १९९३ मध्ये रुडी जुलियानी आणि २००१ मध्ये मायकेल ब्लूमबर्ग हे रिपब्लिकन उमेदवार तिथे महापौर झाले. या चौघांत एक साम्य आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते. चौघांचीही नावे मतपत्रिकेवर रिपब्लिकन रांगेखेरीज आणखी एका रांगेत होती. न्यूयॉर्क राज्यात एकाच उमेदवाराला दोन-तीन पक्ष उमेदवारी देऊ शकतात आणि सगळ्या रांगांतली मते एकत्र मोजली जातात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत याला परवानगी नाही. ज्याच्या घरात तीन पिढ्या डेमोक्रॅटिक मतदान झाले, त्याला रिपब्लिकन नावासमोर मत देणे जड जाते. पण तोच उमेदवार लिबरल पक्षाच्या रांगेत दिसला की त्या मतदाराला मागचे दार उघडे मिळते.

या दाराची खरी परीक्षा १९६९ मध्ये झाली, आणि ती हकीकत मी सविस्तर सांगणार आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत शहरावर प्रचंड बर्फ पडले. मॅनहॅटनमधले रस्ते मोकळे झाले, पण शहराच्याच क्वीन्स या भागातल्या मध्यमवर्गीय वस्त्यांत कित्येक दिवस बर्फ हटवणाऱ्या नांगरगाड्या पोचल्या नाहीत. शहरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. महापौर लिंडसे पाहणीला गेले तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. जूनमध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत मतदानात, जॉन मार्ची यांनी त्यांचा पराभव केला. विद्यमान महापौरावर पक्षाविना उभे राहण्याची वेळ आली. हाताशी उरला तो लिबरल पक्ष. तयार कपडे आणि टोप्या शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनांच्या पुढाऱ्यांनी १९४४ मध्ये उभा केलेला हा पक्ष एकट्याच्या बळावर महापौर निवडून आणील असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

त्याच दिवशी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मात्र पाच जण उभे होते. त्यांत माजी महापौर वॅग्नर होते, हर्मन बाडिलो होते, आणि कादंबरीकार नॉर्मन मेलरही होते. मते अशी विखुरली की सर्वांत सनातनी वळणाचे मारियो प्रोकाचिनो सुमारे एक तृतीयांश मतांवर उमेदवार झाले. उदारमतवादी डेमोक्रॅट बेघर झाले आणि बेघर झालेले महापौर त्यांना आयते सापडले. लिंडसे यांनी दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत बर्फाचा अंदाज चुकल्याचे स्वच्छ कबूल केले आणि लगेच आपण वाढवलेल्या पोलिसांचा हिशेब मांडला. सत्तेवरच्या माणसाने असे बोलणे मला आजही अनुकरणीय वाटते. ऑक्टोबरमध्ये मेट्स हा शहराचा कायम हरणारा बेसबॉल संघ जगज्जेता झाला आणि त्या जल्लोषात लिंडसेही न्हाऊन निघाले. नोव्हेंबरमध्ये लिंडसे यांना सुमारे ४२ टक्के, प्रोकाचिनोंना ३५ आणि मार्चींना २३ टक्के मते पडली. आपल्याकडे १९८३ चा विश्वचषक आठवणाऱ्यांना त्या जल्लोषाची कल्पना येईल. परंतु बेसबॉलने निवडणूक जिंकून दिली असे मी मानत नाही. ती प्रोकाचिनोंच्या उमेदवारीने जिंकून दिली.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी संयोजकांनी पाठवली आहे, तेव्हा माझे मुख्य म्हणणे थोडक्यात सांगतो. अल्पसंख्य पक्षाचा विजय बहुसंख्य पक्षाच्या घरात ठरतो, आणि बहुसंख्य पक्ष फूट बुजवायला जे करतो त्यातून कधी कधी नवी फूट पडते. १९६९ चा धडा घेऊन नियम झाला, की प्रायमरीत कोणालाच ४० टक्के मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्यायचे. २००१ मध्ये नेमके हेच फेरमतदान मार्क ग्रीन आणि फर्नांडो फेरर यांच्यात इतके कडवट झाले, की फेरर यांचे अनेक लॅटिनो समर्थक ब्लूमबर्ग यांच्याकडे वळले. ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे सात कोटींहून अधिक डॉलर ओतले हे खरेच, पण त्यांची दुसरी रांग असलेल्या इंडिपेंडन्स पक्षाच्या रांगेत त्यांना पडलेली मते त्यांच्या एकूण आघाडीपेक्षा जास्त होती, हेही तितकेच खरे. १९९३ मध्ये जुलियानी यांचे लिबरल रांगेबाबत असेच घडले होते.

हे विजय त्या व्यक्तींचे होते, त्यांतून पक्ष वाढला नाही. नगर परिषद डेमोक्रॅटांकडेच राहिली. लिंडसे स्वतः १९७१ मध्ये डेमोक्रॅट झाले. लिबरल पक्षाला २००२ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत आवश्यक ५० हजार मतेही मिळाली नाहीत आणि मतपत्रिकेवरची त्याची हक्काची रांग गेली. २०२१ पासून प्रायमरीत पसंतीक्रमाचे मतदान, म्हणजे उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देण्याची पद्धत, आल्याने फेरमतदानाची कटुताही टळली आहे. २०२५ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार ममदानी यांना निम्म्याहून थोडी अधिक मते मिळाली, विरोधातली बहुतेक मते अपक्ष उभ्या राहिलेल्या कुओमो या जुन्या डेमोक्रॅटाकडे गेली, आणि रिपब्लिकन स्लीवा सुमारे सात टक्क्यांवर थांबले. मुंबई-पुण्यात थेट महापौर निवडावा असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा. मीही थेट निवडणुकीच्या बाजूचा आहे. परंतु दुसरी रांग आणि पसंतीक्रम यांपैकी काहीच न देता ती आणली, तर पाच-सहा पक्षांच्या आपल्या लढतीत एक तृतीयांशाहूनही कमी मतांचा महापौर होईल आणि उरलेल्या मतदारांना त्याच्यात आपले काही सापडणार नाही.