पालटणारा रंग आणि त्यावरचा भरवसा

नमस्कार श्रोतेहो!

हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे घरोघरी पाहिलेलं असतं. साबण आम्लारिधर्मी, आणि हळदीतलं कुर्क्युमिन आम्लारीत रंग पालटतं. असा रंग पालटवणं रसायनशास्त्राला काही अवघड नाही. खरी कसोटी पुढेच लागते, त्या रंगावर डॉक्टरांनी भरवसा ठेवावा असं उपकरण करायचं म्हटलं की.

रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, आम्लतेचं माप, सतत मोजायचाय असं समजा. सामूप्रमाणे रंग पालटणारं द्रव्य, म्हणजे दर्शक, रक्तात ओतून कसं चालेल? 1980 साली अमेरिकेत जॉन पीटरसन आणि सहकाऱ्यांनी फिनॉल रेड हा दर्शक पॉलिमरच्या सूक्ष्म मण्यांना रासायनिक बंधानं जखडला. मणी डायलिसिसच्या बारीक नळीत भरले आणि ती नळी दोन प्लास्टिक फायबरच्या, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या तंतूंच्या, टोकाला बसवली. एकातून प्रकाश आत जातो, दुसऱ्यातून परततो. हायड्रोजनचे आयन नळीच्या भिंतीतून ये-जा करतात, रंग आतच राहतो. हिरवा प्रकाश किती शोषला गेला, त्यावरून सामू कळतो.

पण दिवाच मंदावला तर? फायबर वाकली तर? म्हणून जोडीला लाल प्रकाशही सोडायचा. फिनॉल रेड तो शोषत नाही, तेव्हा लाल घटला की दोष उपकरणाचा. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की तो दोष वजा होतो. मला तर या सगळ्यात हीच युक्ती सर्वांत हुशारीची वाटते.

ऑक्सिजनची गोष्ट निराळी. तो आम्ल नाही, की आम्लारीही नाही; लिटमस त्याला दाद देणार नाही. पण काही रंगद्रव्यांवर निळा प्रकाश पाडला की ती लालसर उजेड देतात, आणि ऑक्सिजनचा रेणू येऊन धडकला की त्यांची ऊर्जा तो पळवतो, उजेड मावळतो. हान्स काउट्स्की यांनी 1930च्या दशकात जर्मनीत हे सिलिका जेलवरच्या रंगद्रव्यांत दाखवलं. आज रुथेनियमची किंवा प्लॅटिनमची संयुगं पॉलिमरच्या पातळ थरात मिसळतात. उजेड किती, हे मोजण्यापेक्षा तो किती वेळ टिकतो हे मोजलेलं बरं. रुथेनियमच्या बाबतीत हा वेळ काही मायक्रोसेकंदांचा. कालांतरानं रंग उडाला तर उजेड कमी होतो, पण हा अवधी फारसा हलत नाही. तापमानानं मात्र तो बदलतो, त्यामुळे शेजारी तापमापक लागतोच.

आता कार्बन डायऑक्साइड. पाण्यात मिसळला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, म्हणजे पुन्हा सामूच. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातल्यावर डॉक्टर तिच्या तोंडाशी एक छोटी डबी लावतात. आतला कागद जांभळा असतो. उच्छ्वास आला की पिवळा, श्वास आत गेला की परत जांभळा! नळी चुकून अन्ननलिकेत गेली असेल, तर ही ये-जा दिसत नाही. पण जठरातलं आम्ल त्या कागदावर उडालं, तर तो पिवळा होऊन तसाच राहतो. हृदय थांबलेल्या रुग्णात नळी योग्य जागी असूनही कागद जांभळाच राहू शकतो. म्हणून जिथे सोय आहे तिथे कॅप्नोग्राफ लावतात. तो अवरक्त किरण किती शोषले गेले ते थेट मोजतो. त्यात रंगद्रव्यच नसतं.