एआयची मदत घ्या, पण सांगून घ्या

नमस्कार श्रोतेहो. लातूर, नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही कॉलेजात सध्या डोकावलं तर सबमिशनची धांदल दिसेल. आणि निम्म्याअधिक असाइनमेंटची भाषा कशी अगदी इस्त्री केलेली! चॅटजीपीटी हे एआय साधन ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुलं झालं, पण कॉपी काही त्या दिवशी जन्माला आली नाही. नाव बदलून बांधून दिलेले प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात मिळायचे, हे आम्हा प्राध्यापकांना चांगलं ठाऊक आहे.

औशाच्या नाहीतर भोकरदनच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीनं स्वतः लिहिलेला इंग्रजी परिच्छेद एआयकडून तपासून घेतला, न कळलेला धडा सोप्या मराठीत समजून घेतला, तर त्यात वावगं काय? पैसेवाल्यांची मुलं हेच शिकवणीच्या सरांकडून करून घेतात. घोळ होतो तो लपवाछपवीमुळे.

समजा, तुमचा प्रोजेक्ट किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनावर आहे. एआयला संदर्भग्रंथ मागा. लेखक, प्रकाशक, साल, पान क्रमांक, सगळं ऐटीत हजर! ती यादी घेऊन ग्रंथालयात जा. त्यातलं एखादं पुस्तक कुठल्याच कपाटात सापडत नाही, कारण ते कधी छापलंच गेलेलं नसतं. मागच्या शब्दांना पुढे कोणता शब्द शोभेल, या अंदाजानं एआय वाक्य जुळवत जातं. इंटरनेटवर शोधायची सोय जोडली तरी चुका राहतातच. जे पुस्तक उघडून पाहिलं नाही, ते संदर्भसूचीत घालू नका.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, हे एआय सांगेल. पण नव्या वसाहतीत तुमची भावकी कुठं कुठं विखुरली, जनावरं कुठं बांधली, हे आजीलाच विचारावं लागेल. मुलाखत घ्या, गाव आणि तारीख लिहा. मजकूर नीट लावायला एआय खुशाल वापरा. फक्त माणसांची नावं, फोन नंबर त्यात टाकू नका. मग शेवटच्या पानावर लिहा : ‘प्रश्नावलीचा कच्चा मसुदा चॅटजीपीटीकडून करून घेतला, त्यातले चार प्रश्न बदलले. मुलाखती आणि निष्कर्ष माझे.’ एवढं लिहायला लाज कसली?

प्राध्यापक मित्रांनो, एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवरून पोराला चोर ठरवू नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागं घेतलं. त्यापेक्षा तोंडी परीक्षेत विचारा, ‘हे चार प्रश्न का बदललेस रे?’ ज्यानं काम केलंय तो अडखळत का होईना, सांगतो.

आणि पोरांनो, सगळ्या विषयांना एकच नियम नसतो. भूगोलाचे सर चालवून घेतील, प्रोग्रॅमिंगच्या मॅडम पहिल्या वर्षाला एआय पूर्ण बंद ठेवतील. ज्यांचा विषय त्यांना काम सुरू करण्याआधीच विचारा. सबमिशनच्या आदल्या रात्री अकराला फोन केला, तर तो उचलणार कोण?