बशीतल्या पेशी आणि आपला गोल्डन

नमस्कार मंडळी, आज जरा वेगळाच विषय घेतलाय, पण घरी गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रेडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर रेडिओ थोडा मोठा कराच. मी प्राण्यांची डॉक्टर. नऊ-दहा वर्षांचा कुत्रा, सकाळी नीट जेवलेला, संध्याकाळी एकदम कोसळतो, ओठ उचलून बघावं तर हिरड्या पांढऱ्याफटक, आणि तिथेच माझ्या पोटात गोळा येतो. बरेचदा निघतं काय, तर स्प्लीनमधली, म्हणजे प्लीहेतली, गाठ फुटलेली असते आणि पोटात रक्त साचत असतं.

हा हेमँजिओसार्कोमा, रक्तवाहिन्यांचा कॅन्सर. स्प्लीन काढली तरी बहुतेकांना पुढे एक ते तीन महिनेच मिळतात, केमो दिली तर साधारण सहा. आता एवढ्याशा वेळात त्या मुक्या जिवावर किती औषधं ट्राय करून बघणार?

म्हणून गाठीतल्या पेशी प्रयोगशाळेतल्या चपट्या बशीत वाढवतात, ३७ डिग्रीला, दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं खाणं बदलत. बऱ्याच मरतात, पण काही तगल्या की वाढतच राहतात, वर्षानुवर्षं, मग त्यांना सेल लाइन म्हणतात. एमा, फ्रॉस्टी अशी त्यांची नावंसुद्धा आहेत. या पेशी जेलवर सोडल्या ना, की काही तासांत लांब होतात, एकमेकींना चिकटतात आणि मासे पकडायच्या जाळ्यासारखी नक्षी तयार होते. आत रक्त नाही, भोवती शरीर नाही, तरी त्या नळ्या बांधायला बसतात! मूळचं काम विसरत नाहीत.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. बशीला चिकटू दिलं नाही तर त्यातल्या थोड्या पेशी गोळे करून तरंगत वाढतात, आणि या चिवट, नेहमीच्या औषधाला सहज दाद देत नाहीत, कॅन्सर परत उलटतो तो यांच्यामुळे असा संशय आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी ईबॅट नावाचं औषध आधी बशीतच वापरलं, ते पेशीवरच्या दोन खुणा ओळखून चिकटतं आणि बॅक्टेरियाचं विष आत सोडतं, आणि २०१३ साली त्यांनी दाखवलं की या गोळेवाल्या पेशीही त्याने मरतात.

मगच ते कुत्र्यांना दिलं. स्प्लीन काढलेले २३ कुत्रे, ऑपरेशन आणि केमोच्या मधल्या दिवसांत हे औषध, आणि २०१७ साली रिझल्ट छापून आला तेव्हा परिणामकारक डोस मिळालेल्यांपैकी जवळपास ७० टक्के सहा महिन्यांनंतर जिवंत होते, नुसत्या ऑपरेशन-केमोवर आधी ४० टक्केही नसायचे.

बशीत प्रतिकारशक्ती नसते, वाहतं रक्त नसतं, त्यामुळे तिथे चाललेलं प्रत्येक औषध कुत्र्यात चालेलच असं नाही. पण या २३ जणांपर्यंत पोचायचा रस्ता त्या बशीतूनच गेला.