स्वभाव म्हणून सोडून दिलेला आजार

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं एखादं माणूस हळूहळू बदलत जातं. बोलणं कमी होतं. विचारलेल्याचं उत्तर उशिरा येतं. सकाळी उठवत नाही आणि उठल्यावर कशात मन लागत नाही. घरचे आधी म्हणतात, आळस वाढलाय. मग म्हणतात, वय झालं. मग कुणीतरी हळू आवाजात म्हणतं, मनाला काहीतरी लागलंय. ही तिन्ही निदानं करायला तपासणी लागत नाही, म्हणून ती चटकन होतात. मला आज बोलायचंय ते चौथ्या शक्यतेबद्दल. ती थोड्याशा रक्ताच्या तपासणीत कळते आणि कळली तर बहुतेक वेळा बरी करता येते.

ही शक्यता म्हणजे थायरॉईडचा बिघाड. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला दोन्हीकडून बिलगलेली, साधारण १५ ते २५ ग्रॅम वजनाची ही ग्रंथी. आपण खातो त्यातलं आयोडीन ओढून घेऊन ती दोन संप्रेरकं बनवते. एकात आयोडीनचे चार अणू असतात, त्याला टी-फोर म्हणजे थायरॉक्सिन म्हणतात. दुसऱ्यात तीन अणू, ते टी-थ्री. प्रत्यक्ष काम करतं ते मुख्यतः टी-थ्री. टी-फोर हा त्याचा साठा समजा. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीचा वेग या संप्रेरकावर ठरतो: हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, त्वचेची झीज आणि भर, पाळीचं चक्र.

आणि मेंदू. मेंदूचा यात काय संबंध, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. मेंदूने तर या संप्रेरकासाठी स्वतंत्र सोय करून ठेवली आहे. रक्तातून आलेलं टी-फोर मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी आत घेतात, त्यातला आयोडीनचा एक अणू काढतात आणि तयार झालेलं टी-थ्री शेजारच्या चेतापेशींना पुरवतात. रक्तातलं टी-फोर थोडंफार कमी झालं तर हे रूपांतर जोरात करून मेंदू काही काळ स्वतःला सांभाळतोही. पण तुटवडा वाढला, लांबला, की तिथलाही पुरवठा आटतो. मग विचार मंदावतात, शब्द पटकन सापडत नाहीत, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. माणूस दुःखी असतोच असं नाही. त्याला नुसतं काही वाटेनासं होतं. नैराश्यासारखंच हे दिसतं, म्हणून नैराश्याचं निदान करताना थायरॉईडची तपासणी करून घ्यावी असं डॉक्टर मानतात.

हे ज्ञान फार नवं नाही, आणि ते कसं हाती आलं ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी मध्यमवयीन बायकांमधल्या एका विचित्र अवस्थेचं वर्णन केलं. चेहरा सुजलेला, जीभ जाड, बोलणं संथ, मन सुस्त. कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या दहा वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये वेगळंच काही घडत होतं. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत थिओडोर कोखर यांचा हातखंडा होता. ते गलगंडाबरोबर अख्खी ग्रंथी काढून टाकत. जखम सुरेख भरे, रुग्ण घरी जाई. मग अशा एका मुलीबद्दल त्यांना कळलं की ऑपरेशननंतर तिचा स्वभावच पालटलाय, ती मंद झालीय. कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासलं, तर ग्रंथी पूर्ण काढलेल्या बहुतेकांची तीच गत झालेली. १८८३ मध्ये त्यांनी हे उघडपणे मांडलं आणि कर्करोगासारखं कारण नसेल तर ग्रंथी पूर्ण काढायची नाही, असं ठरवलं. १९०९ चं नोबेल पारितोषिक त्यांना थायरॉईडवरच्या कामासाठी मिळालं. आपल्या यशस्वी ऑपरेशनांचा हा हिशोब जगापुढे मांडायला किती धैर्य लागलं असेल, याचं मला शस्त्रक्रियेहून जास्त कौतुक वाटतं.

मग उपाय काय? १८९१ मध्ये जॉर्ज मरे या तरुण इंग्रज डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला त्वचेखाली टोचला. तिची सूज उतरली, बोलणं मोकळं झालं, मन ताळ्यावर आलं. पुढे ती तोच अर्क तोंडाने घेत राहिली आणि आणखी २८ वर्षं जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं काढलं. आज लाखो लोक रोज सकाळी जी छोटी गोळी घेतात, तिचं मूळ इथे आहे.

आजार फार बळावला तर मंदपणावर थांबत नाही. रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरांनी १९४९ मध्ये १४ रुग्णांची हकीकत लिहिली. त्यांना भास होत होते, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असा संशय होता. ते वेडे ठरले होते आणि मुळात थायरॉईड सुकलेलं होतं. थायरॉईडचा अर्क दिल्यावर त्यातले बहुतेक जण सुधारले. असे रुग्ण आता विरळा दिसतात, कारण निदान लवकर होतं. पण म्हातारपणी विस्मरण, गोंधळ सुरू झाला की पहिल्या तपासण्यांत थायरॉईडचं नाव असतं ते यामुळेच.

शरीराकडे पाहिलं तर खुणा असतात, फक्त त्या विखुरलेल्या असतात. सगळ्यांना उकडत असताना एकटीलाच थंडी वाजणं, कोरडी खरखरीत त्वचा, केस विरळ होणं, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव, हातांना रात्री मुंग्या, मंद नाडी, रक्तात वाढलेलं कोलेस्टेरॉल. त्वचेसाठी एका डॉक्टरकडे, पाळीसाठी दुसरीकडे, मुंग्यांसाठी तिसरीकडे गेलं की कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही. वजन वाढतं, हे खरं. पण थोडंच, आणि त्यातही बराच भाग साठलेल्या पाण्याचा असतो. वीस-पंचवीस किलो वजनाचं खापर थायरॉईडवर फोडणं सोयीचं असलं तरी बरोबर नव्हे.

आता उलटी बाजू. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की सगळंच धावतं. छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो, भूक चांगली असून वजन उतरतं. मन एका जागी ठरत नाही, झोप लागत नाही, क्षुल्लक कारणावरून भांडण होतं. अशा माणसाला बऱ्याचदा चिंतेचा विकार आहे असं सांगितलं जातं. फरक ओळखायला काही खुणा उपयोगी पडतात. नुसत्या चिंतेत हात बहुधा गार आणि ओलसर असतात, थायरॉईड वाढल्यावर ते गरम आणि ओलसर लागतात. चिंतेची धडधड झोपेत निवते, ही निवत नाही. शांत झोपलेल्या माणसाची नाडीही जलदच चालते. डोळे बटबटीत दिसू लागले, तर तो ग्रेव्हज नावाचा प्रकार असू शकतो. म्हातारपणी मात्र हा आजार चकवतो. यातलं काहीच ठळक दिसत नाही. माणूस नुसता खंगतो, गप्प होतो. आणि अशा वेळी हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले, तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. थायरॉईडमुळे पक्षाघात होतो, तो या वाटेने.

गरोदरपणाबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते, आणि गरजेपुरतं संप्रेरक बनवायला तिला अठरा-वीस आठवडे लागतात. तोवर बाळाचा मेंदू आईच्या थायरॉक्सिनवर घडत असतो. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईने दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं. बहुतेकींचा डोस तेव्हा पाव-एक हिश्शाने वाढवावा लागतो. पुढच्या नेमलेल्या तपासणीपर्यंत वाट पाहू नये, आणि बाळाला त्रास होईल या भीतीने गोळी बंद तर मुळीच करू नये. त्रास होतो तो बंद केल्याने.

जन्मलेल्या बाळाचंही तसंच. दर दोन ते चार हजार बाळांमागे एकाची ग्रंथी जन्मतःच नसते किंवा नीट चालत नाही. बाळ दिसायला निरोगी असतं, शांत असतं, खूप झोपतं, आणि गुणी बाळ म्हणून त्याचं कौतुक होतं. टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन केलेल्या तपासणीत हे कळतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बहुतेक मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच वाढते. काही महिने गेले तर झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही. तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर ही तपासणी होणार आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

आणि बाळंतीण? बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींच्या थायरॉईडला सूज येते. आधी काही आठवडे संप्रेरक वाढलेलं, मग काही महिने घटलेलं. आधी तगमग, मग थकवा आणि रडू. बाळ झालं की असं होतंच, म्हणून ते खपून जातं. बाळंतपणानंतरचं नैराश्य खरंच असतं, त्याचे उपचारही वेगळे आहेत. पण रक्त तपासल्याशिवाय दोन्हींतला फरक ठरवता येत नाही.

तपासणी म्हणजे मुख्यतः टीएसएच. याचा आकडा ऐकून लोक गोंधळतात, कारण थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो. टीएसएच थायरॉईडमध्ये बनतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते, थायरॉईडला काम करायला लावण्यासाठी. घोडा दमला की स्वार जास्त टाचा मारतो, तसं. घोडा उधळला की टाच थांबते, म्हणजे टीएसएच तळाला जातं. प्रौढांत हा आकडा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावा. प्रयोगशाळेप्रमाणे आणि वयाप्रमाणे थोडा फरक पडतो. एक खबरदारी मात्र घ्या. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं, आणि ते काही तपासणी पद्धतींचा निकाल चुकवतं. थायरॉईड वाढलेलं नसताना वाढलेलं दिसतं. केस गळतात म्हणून बायोटिन सुरू करणारी आणि केस गळतात म्हणून थायरॉईड तपासणारी बाई बहुधा एकच असते! तपासणीआधी किमान दोन दिवस त्या गोळ्या थांबवा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

टीएसएच जरासं जास्त, टी-फोर ठीक, असा रिपोर्ट आला तर लगेच जन्मभराची गोळी हवीच असं नाही. बरेचदा काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं की आकडा आपोआप उतरलेला असतो. ६५ वर्षांवरच्या लोकांत अशा किरकोळ वाढीवर गोळी देऊन पाहिली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत थकवा किंवा इतर लक्षणं त्याने कमी झाली नाहीत. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र हिशोब वेगळा असतो.

गोळी घ्यायची ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या. थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा तपासायचं. त्याआधीचा आकडा दिशाभूल करतो. बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नये, आणि वजन उतरवायला ती वाढवूही नये. जास्तीची गोळी हृदयाची लय बिघडवते, हाडं पोखरते. थायरॉईड वाढल्यावर जी औषधं देतात, त्यांच्याबद्दल एकच सांगतो: ती चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित होतं, पण त्या धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात.

राहतात ते काही जण, ज्यांचा आकडा सुधारतो पण डोकं जड ते जडच. रक्त आधी सुधारतं, मन मागून येतं, त्याला काही महिने द्यावे लागतात. तरीही फरक पडला नाही, तर रिपोर्ट नॉर्मल आहे या वाक्यावर भेट संपू देऊ नका. ज्यांचं थायरॉईड स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने बिघडवलेलं असतं, त्यांच्यात बी-१२ ची कमतरता, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिअ‍ॅक आजार असे सोबती जास्त आढळतात. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ तपासलं का, ते विचारा. रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारून डॉक्टरांना सांगा. आणि यातलं काहीच सापडलं नाही, तर ते खरंच नैराश्य असू शकतं. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, थायरॉईडची गोळी चालू ठेवून.

नमस्कार.