फुलासोबत वाराही मोठा होतो

(वाऱ्यातल्या क्लोज-अप छायाचित्रणावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीला थोडी आकडेमोड करू. दोन मिनिटांत संपेल, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

कॅमेऱ्यात चित्र टिपणारी चकती म्हणजे सेन्सर. ‘फुल-फ्रेम’ या मोठ्या प्रकारच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर त्या रुंदीत साधारण ६००० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, बसतात, म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे १६७. मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सने, एकास एक प्रमाणात फोटो काढताना फुलावरचा एक मिलिमीटर सेन्सरवरही एक मिलिमीटरच येतो. आता फूल सेकंदाला पाच सेंटिमीटर या वेगाने डुलतंय असं धरा. डोळ्यांना हे अगदी संथ वाटेल. शटर १/२५० सेकंद उघडं ठेवलंत, तर तेवढ्या वेळात फूल ०.२ मिलिमीटर सरकतं. सेन्सरवर तेहेतीस पिक्सेल! पाकळीची कडा पुसली गेलीच म्हणून समजा. १/२००० ला गेलात तरी चार पिक्सेल उरतात.

तेच फूल, तोच वारा, तेच शटर. फक्त मागे जाऊन ते सेन्सरवर विसाव्या भागाएवढं आलं, तर सरकणं दोन पिक्सेलांच्याही आत येतं आणि फोटो खणखणीत दिसतो. वारा बदललेला नाही. फुलासोबत आपण त्याचं हलणंही मोठं करून घेत होतो. ‘माझ्या कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे’ असं म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. आपला हात हलला तर ते सावरून घेतं. फूल हललं, याचा त्याला पत्ताच नसतो.

म्हणून वारा असला की सर्वांत आधी मोठेपणाचा हट्ट सोडा. निम्म्या प्रमाणावर या. इथे कोणीतरी म्हणेल, नंतर फोटो क्रॉप केला, म्हणजे कडा कापून फूल मोठं केलं, की धूसरपणाही तेवढाच मोठा होणार ना? बरोबर, फुलाच्या मानाने तो तेवढाच राहतो. पण बाकीचं बघा. एकास एकला एफ ८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा) डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे जेवढं स्पष्ट दिसतं ती खोली, जेमतेम एक मिलिमीटर मिळते, निम्म्या प्रमाणावर ती तीनाच्या जवळ जाते. लेन्स जवळ फोकस करताना जो उजेड खाते, त्यातला पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) परत मिळतो आणि तो शटरला देता येतो. शिवाय डुलणारं फूल चौकटीबाहेर पळत नाही. क्रॉप केलंत तर यातलं थोडं हातचं जाईल. माझं ऐकाल तर क्रॉप करूच नका. फूल ज्या गवतात उभं आहे ते गवतही फोटोत येऊ द्या.

आता वाऱ्याकडे वळू. हवामान खात्याचा वाऱ्याचा आकडा साधारणपणे जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. जमिनीशी घासून वारा मंदावतो, त्यामुळे वीतभर उंचीच्या फुलापाशी तो बराच कमी असतो. म्हणून आकडा बघून घरी बसू नका. बुटकी फुलं शोधा. पहाटेची वेळ चांगली का, याचंही कारण आहे. निरभ्र रात्री जमीन निवते, तिच्यालगत थंड, जड हवेचा थर बसतो आणि वरचा वारा खाली पोचत नाही. ऊन चढलं, जमीन तापली की हवा वर-खाली घुसळू लागते आणि वरचा वेग खाली येतो. दुपारी हे सर्वांत जास्त. सूर्य मावळताना पुन्हा थोडी शांतता मिळते. पहाटे कीटकही गारठलेले असतात, अंगावर दव असतं, चटकन उडत नाहीत. एकाच वेळी दोन्ही गोष्टी जमतात.

पण खरी मजा देठात आहे. झुळूक देठाला ढकलते आणि निघून जाते. त्यानंतर देठ स्वतःच्या लयीत झुलत राहतो, प्रत्येक झोका आधीच्याहून लहान. वारा थांबल्याक्षणी बटण दाबणारे इथेच फसतात. आणखी दोन-तीन झोके जाऊ द्यावेत. तेवढाही धीर नसेल तर झोक्याचं टोक पकडा. झोपाळा टोकाला पोचून परत फिरतो तिथे क्षणभर थांबतो, तसंच देठाचंही होतं. तिथे वेग शून्य, मधोमध सर्वांत जास्त. टोकाच्या किंचित आधी बर्स्ट, म्हणजे एकामागून एक भराभर फोटो, सुरू केला तर एखादी फ्रेम त्या क्षणावर पडते. झुळूक येते त्या दिशेचं गवतही बघत राहा. वारा सेकंदाला तीन मीटर असेल, तर दहा मीटरवरचं गवत वाकल्यावर तुमच्या हातात तीन सेकंद असतात.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोक पाळतात. वारा तुमच्या बाजूने वाहील असे बसा, समोरून किंवा पाठीमागून नको. बाजूच्या वाऱ्यात फूल डावी-उजवीकडे डुलतं, पण लेन्सपासूनचं अंतर जवळपास तेच राहतं. फोकस टिकतो आणि टोकावरची फ्रेम कामाची ठरते. वारा लेन्सच्या रेषेत असेल तर फूल पुढे-मागे होतं. मिलिमीटरभर डेप्थ ऑफ फील्डमध्ये ते कधी येतं, कधी जातं, सगळा नशिबाचा खेळ. अडचण अशी की आपण वाऱ्याकडे पाठ करून स्वतःच्या अंगाने आडोसा केला, की नेमकं हेच होतं. मग आडोसा बाजूला हवा: बॅग, मित्र, काहीही.

आडोशासाठी पुठ्ठा किंवा रिफ्लेक्टर (उजेड परतवायचा फलक) उभा करतात. भरीव फळीच्या मागे हवा भोवरे घेते, फूल डुलायचं थांबतं आणि थरथरायला लागतं. त्यापेक्षा साधारण निम्म्या भागात भोकं असलेलं जाळीदार कापड बरं. ते वारा अडवत नाही, चाळून मंद करतं. आणि सर्वांत उत्तम जाळी तिथे आधीच असते. आजूबाजूचं गवत तुडवून ‘स्वच्छ पार्श्वभूमी’ करणारे लोक फुलाचा आडोसाच मोडून टाकतात. ते झाडासाठी वाईट, फोटोसाठीही वाईट. मला त्याचा राग येतो, हेही सांगून टाकतो.

देठाला आधार देण्याचा सोपा उपाय म्हणजे डावा हात. दोन बोटांत देठ हलकेच धरायचा, त्याच हातावर लेन्सचं पुढचं टोक टेकवायचं. आता फूल आणि लेन्स एकत्रच हलतात. ट्रायपॉडला हे कधीच जमणार नाही; वाऱ्यात ट्रायपॉड म्हणजे हलणाऱ्या फुलासमोर ठामपणे न हलणारा कॅमेरा. जमिनीत काठी खोचून तिला देठ चिमट्याने सैल अडकवला तरी चालतं. पाकळ्या मात्र थोड्या थरथरणारच.

मग फ्लॅश. छोट्या फ्लॅशची ताकद बरीच कमी केली की त्याची चमक १/१०,००० सेकंदाहूनही छोटी होऊ शकते. पूर्ण ताकदीवर ती कितीतरी लांबते, म्हणून फ्लॅश फुलाच्या अगदी जवळ आणा, ताकद उतरवा आणि मध्ये डिफ्यूझर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) धरा. हालचाल गोठते ती या चमकीने, शटरने नाही. अट एकच: सभोवतालचा उजेड तीनेक स्टॉप दाबलेला हवा, नाहीतर गोठलेल्या फुलाशेजारी त्याचं भूत उमटतं. याची किंमत म्हणजे मागचं सगळं काळं पडतं. भर दुपारी काढलेला फोटो मध्यरात्रीचा वाटतो. फुलामागे जवळच एखादं पान असेल असा कोन शोधा, त्यावर फ्लॅशचा उजेड पडतो. हाय-स्पीड सिंक, म्हणजे खूप वेगवान शटरसोबत फ्लॅश वापरायची सोय, इथे फारसं कामाचं नाही, कारण त्यात फ्लॅश एक चमक न देता उजेड लांबवत राहतो. गोठवायचं काम पुन्हा शटरवरच येतं.

आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नका. रवाळपणा नंतर बराच निवळता येतो, हललेली पाकळी नाही. वाऱ्याचे रंगीत फराटे दाखवणारे, शटर सेकंदभर उघडं ठेवलेले फोटोही काढावेत, जरूर. पण चौकटीत एखादा दगड तरी स्थिर हवा, नाहीतर बघणाऱ्याला ती चूकच वाटते.

एका ताईंनी चिठ्ठीतून विचारलंय की वाऱ्यात फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या अनेक फ्रेम जोडून एक फोटो करणं, कसं करायचं. ताई, फुलांचं करू नका. वीस फ्रेममध्ये फूल वीस जागी असेल, सॉफ्टवेअर त्यांची मोट बांधू शकणार नाही आणि पाकळ्यांना दुहेरी कडा येतील. स्टॅकिंगच करायचं असेल तर तो दिवस दगडफुलांना द्या, शेवाळाला द्या, खोडाच्या सालीला द्या. तिथे वारा कितीही असो, फक्त ट्रायपॉडचे पाय आखूड करून तो जमिनीलगत ठेवा आणि त्याला बॅग टांगलीत तर ती जमिनीला टेकू द्या. लोंबकळती बॅगच वाऱ्याने ट्रायपॉड हलवते.